कार्ल्याच्या भायिलाला आपला फॉर्म चालेल का?

मंडळी, आपण सॉफ्टवेअरवाले फॉर्म कसा तपासतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. नाव 'टेस्ट टेस्ट', मोबाईलच्या जागी दहा नऊ, रक्कम 100 रुपये, सबमिट. हिरवी टिक आली की "चालतंय" असा मेल टाकायचा आणि चहाला पळायचं. यातून एवढंच सिद्ध होतं की जगात नसलेला एक माणूस आपल्या फॉर्ममधून सुखरूप पार पडतो.

गेल्या महिन्यात लोणावळ्याजवळच्या एका छोट्या संस्थेचा ऑनलाईन देणगीचा फॉर्म तपासायचं काम माझ्याकडे आलं. पावसाळ्याच्या आत वसतिगृहाचं छप्पर बदलायचं होतं. मावळातला पाऊस काही आपल्या रिलीज डेटसाठी थांबत नाही, त्यामुळे मोहीम एकदाच चालवता येणार होती. 'टेस्ट टेस्ट'च्या भरवशावर राहणं परवडणारं नव्हतं. खरीखुरी, वेगवेगळ्या तऱ्हेची माणसं हवी होती. आणि अशी तयार यादी हाकेच्या अंतरावर, दगडात कोरलेली होती!

एकवीरेच्या दर्शनाला गेलेल्या प्रत्येकाने कार्ल्याचं चैत्यगृह निदान बाहेरून तरी पाहिलेलं असतं. देऊळ त्याच्या अगदी दारातच आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराचं, साधारण 38 मीटर लांब, आत 37 खांब. सगळं काही एका राजाने बांधलेलं नाही. कुणी खांब दिला, कुणी दार, कुणी नक्षीचा कठडा, आणि ज्याचं त्याचं नाव तिथेच ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलं गेलं. म्हणजे आजच्या भाषेत क्राउडफंडिंग. यातले बरेच लेख फ्रेंच पंडित एमिल सेनार यांनी 1902-03 च्या एपिग्राफिया इंडिकात वाचून छापले.

आता हे देणगीदार आपल्या फॉर्ममध्ये भरून बघा.

पहिली भायिला. महादेवणक नावाच्या गृहस्थाची आई, एवढीच तिची ओळख. नवऱ्याचं नाव नाही, आडनाव नाही. आपल्या फॉर्ममध्ये आडनावाला लाल तारा! भायिला बाद.

दुसरा सिंहदत्त. धेनुकाकटाचा गांधी, म्हणजे अत्तरं-सुगंधी द्रव्यं विकणारा. याने प्रवेशद्वार दिलं. धेनुकाकट नेमकं कुठे यावर विद्वानांचं अजून एकमत नाही, त्यामुळे पिनकोडचा प्रश्नच मिटला. हसू नका. गावाची नावं ड्रॉपडाऊनमधून निवडायला लावली की वाडीवस्तीवरच्या माणसाचं हेच होतं.

तिसरा सिहधय. याने खांब दिला आणि स्वतःची ओळख लिहिली 'यवन', म्हणजे पश्चिमेकडचा. आज असा देणगीदार आला की मामला कायद्यात जातो. परदेशी देणगीसाठी संस्थेला वेगळी परवानगी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. पण न्यू जर्सीत राहणारा, भारतीय पासपोर्ट असलेला आपला मित्र हा 'परदेशी स्रोत' धरला जात नाही. म्हणून फॉर्मने राहता देश विचारून भागत नाही, नागरिकत्व विचारावं लागतं.

चौथा तर माणूसच नाही! धेनुकाकटाच्या व्यापाऱ्यांच्या समूहाने, 'वणिकग्रामा'ने मिळून एक खांब दिला. गणेश मंडळ, भिशी, ऑफिसची टीम अशी देणगी देते तेव्हा पॅन कुणाचा आणि पावती कुणाच्या नावाने?

चार देणगीदार, आणि चौघांच्याही वाटेत काटा. संस्थेच्या फॉर्मवर मी हीच चार रूपं आजची नावं घालून चालवली. दोन अडकली. आडनाव नसलेली बाई, आणि मंडळ.

इथपर्यंत देणाऱ्याची बाजू झाली. खरी गंमत पुढे आहे. शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने कार्ल्याच्या भिक्षूंना (तेव्हा या जागेचं नाव वलूरक) करजिक नावाचं गाव दिलं. वर्षावासासाठी इथे राहणाऱ्यांचा निर्वाह त्या उत्पन्नातून चालावा म्हणून. पुढे सातवाहनांनी नहपानाचा पाडाव केला. सत्ता बदलली, मग जुन्या राजवटीच्या देणगीचं काय? कार्ल्यालाच दुसरा लेख आहे. राजाचं नाव झिजलंय, पण अभ्यासक तो साधारणपणे गौतमीपुत्र सातकर्णीचा मानतात. त्यात 'मामाल' विभागातलं तेच गाव याच भिक्षूंना दिल्याची आज्ञा अधिकाऱ्याला केलेली आहे, वर गावात राजाच्या माणसांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये वगैरे सवलतीही आहेत. मामाल म्हणजे आपलं मावळ. थोडक्यात, सर्व्हर बदलला तरी नोंद शाबूत राहिली, कारण कुणीतरी ती मुद्दाम नव्याने लिहून घेतली.

हिरवी टिक ही अर्धीच परीक्षा. पैसे संस्थेच्या खात्यात पोचले का, पावती निघाली का, हिशेबनीसाच्या वहीत नाव तसंच उतरलं का, हे पाहिल्याशिवाय परीक्षा पुरी होत नाही. मराठी नाव पावतीवर नुसत्या चौकोनांत छापलेलं तुम्हीही कधीतरी पाहिलं असेलच.

राहिला रकमेचा मुद्दा. त्यासाठीही मावळाबाहेर जायला नको. अंताजी दामोदर काळे यांनी स्वदेशी उद्योगांसाठी 'पैसा फंड' काढला. कल्पना अशी की प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यायचा. 1901 च्या खानेसुमारीत हिंदुस्थानची वस्ती 29 कोटींवर होती. रुपयाचे पैसे तेव्हा 64. सगळ्यांनी दिला असता तर साडेपंचेचाळीस लाखांच्या आसपास रुपये! टिळकांनी या कल्पनेला पाठबळ दिलं. अर्थात सगळा देश काही देणार नव्हता, पण जमलेल्या पैशातून 1908 मध्ये तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना उभा राहिला. परदेशात काचेचं शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे तज्ज्ञ म्हणून होते.

इंजिनियरच्या नजरेने यातली मेख बघा. त्या काळी पोस्टकार्डाची किंमत होती पाव आणा, म्हणजे बरोब्बर एक पैसा. एकेकाला कार्डाने पोच पाठवायची तर देणगी तिथेच संपली! लहान रक्कम घ्यायची म्हणजे ती गोळा करण्याचा खर्च त्याहून लहान हवा. 2016 मध्ये यूपीआय आलं आणि एक रुपयाही फुकटात पाठवता यायला लागला. तरीही "किमान देणगी 500 रुपये" असे फॉर्म सर्रास दिसतात. संस्थेच्या फॉर्ममध्येही तो आकडा होता. कुणी ठरवला विचारलं, तर कुणीच नाही. टेम्प्लेटमध्येच आला होता. आता तिथे एक रुपया आहे.

इतकं कशाला करायचं? कारण बँकेचा ग्राहक अडला तर तक्रार करतो, विकत घेणारा भांडतो. देणगीदार दोन्हीतलं काही करत नाही. त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. तो टॅब बंद करतो, आणि आपल्या रिपोर्टमध्ये त्याची ओळसुद्धा उमटत नाही. मोहिमेला प्रतिसाद कमी मिळाला, असं म्हणून आपण लोकांना नावं ठेवून मोकळे.

कार्ल्याला ज्याने अक्षरं कोरली त्याने भायिलाला आडनाव विचारलं नाही. "कोण गं तू?" एवढंच विचारलं असावं. ती म्हणाली, महादेवणकाची आई. त्याने तेवढंच कोरलं, आणि तिची पावती आजही वाचता येते.