स्कूटरचा दिवा : मॅग्नेटोपासून एल. ई. डी.पर्यंत

इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. पण ज्या दिव्याच्या उजेडात आपण रात्री अक्कलकोटहून किंवा मोहोळहून घरी परततो, त्या दिव्यालाही इतिहास आहे. आणि तो ठाऊक नसला तर खिशाला आणि कधी कधी जिवालाही भोवतो. जुन्या स्कूटरीतला पिवळा बल्ब काढून तिथे पांढरा एल. ई. डी. बसवून घेण्याची हौस आता सोलापुरातही आहे. दुकानात बल्ब मिळतो, पाच मिनिटांत बसतो. मग कुणी म्हणतो, "दिवा फडफडतो", कुणी म्हणतो, "आठ दिवसांतच उडाला." विकणाऱ्याला दोष देऊन आपण मोकळे होतो. वास्तविक भांडण असते ते दोन पिढ्यांच्या विजेचे.

आपल्या रस्त्यावर आधी बैलगाडीखाली टांगलेला कंदील होता. सायकलवाल्यांपाशी तेलाचा दिवा असे, नाहीतर कार्बाइडचा. त्यात कार्बाइडच्या खड्यांवर थेंब थेंब पाणी पडे, वायू निघे आणि तो जळे. वास मोठा उग्र, पण उजेड लख्ख. पुढे चाकाला घासून फिरणारा डायनामो आला. स्कूटरच्या दिव्याचा खरा थोरला भाऊ तोच.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत कोराडिनो द'अस्कानिओ या विमानविद्येतल्या अभियंत्याने व्हेस्पा घडवली. तिच्या पेटंटची तारीख एप्रिल १९४६ची आहे. युद्धाने गरीब झालेल्या देशाला स्वस्त वाहन हवे होते, म्हणून जे टाळता येईल ते टाळले. दिव्यांसाठी बॅटरी ठेवण्याऐवजी इंजिनाच्या फिरत्या चक्रातच लोहचुंबक बसवले आणि आत तारेची वेटोळी स्थिर ठेवली. एका वेटोळ्यातून ठिणगीची वीज, दुसऱ्यातून दिव्याची. यालाच आपले मिस्त्री 'मॅग्नेट' म्हणतात. आपल्याकडे बजाजांच्या बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने १९४८पासून व्हेस्पा आयात केली. १९५९ साली इथेच बनवण्याचा परवाना मिळाला आणि पुढे पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना उभा राहिला. मुंबईला लॅम्ब्रेटा तयार होत होती. १९७२ साली चेतक आली. सातारच्या महाराष्ट्र स्कूटर्सची 'प्रिया'ही पुष्कळांच्या घरी होती. नाव नोंदवून दहा-दहा वर्षे वाट पाहण्याचा तो काळ! मुलगी पाळण्यात असताना नोंदवलेली स्कूटर ती शाळेत जाऊ लागल्यावर दारात येई, असे लोक म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नसे.

आता या मॅग्नेटच्या विजेचा स्वभाव पाहा. ती इंजिनाच्या वेगावर चालते. सात रस्त्याच्या चौकात गाडी थांबवली की दिवा मलूल. रेस दिली की टवटवीत. तुळजापूरच्या घाटात उतारावर पेट्रोल वाचवायला एखाद्याने इंजिन बंद केले, की त्याच्यापुढे मिट्ट काळोख! शिवाय जुन्या सहा व्होल्टच्या गाड्यांत विजेचा दाब आवरणारे वेगळे यंत्र नसे. वेटोळ्याची ताकद आणि दिव्यांची भूक यांचा हिशेब जुळवून गाडी बनवलेली. म्हणजे दिवेच एकमेकांची राखण करीत. पुढचा मोठा बल्ब उडाला, की त्याच्या वाट्याची वीज बिचाऱ्या मागच्या लहान बल्बवर जाई आणि तोही उडे. एका बल्बसाठी गेलेला मनुष्य दोन बल्ब घेऊन परते, त्याचे कारण हे. नंतर बारा व्होल्टच्या गाड्या आल्या, त्यांत दाब आवरणारा रेग्युलेटर बसवला आणि हा जाच बराच कमी झाला.

आता एल. ई. डी.कडे वळू. हिची कुळकथा तारेच्या बल्बहून अगदी निराळी आहे. १९०७ साली मार्कोनी कंपनीतल्या हेन्री राउंड यांना एका स्फटिकातून वीज सोडताना मंद उजेड दिसला. पण पुढे कित्येक वर्षे त्याचा उपयोग कुणाला सुचला नाही. १९६२ साली अमेरिकेत निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारी एल. ई. डी. तयार केली. निळ्या रंगाने मात्र शास्त्रज्ञांना फार रडवले. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांनी तो गड सर केला, आणि २०१४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्यासाठी एवढा खटाटोप कशाला? तर पांढऱ्या एल. ई. डी.च्या पोटात निळाच कण असतो; त्यावरच्या पिवळसर लेपामुळे उजेड पांढरा दिसतो.

तारेचा बल्ब तापून उजळतो. वीज इकडून आली काय, तिकडून आली काय, त्याला फरक पडत नाही. एल. ई. डी. एकाच दिशेची वीज घेते. आणि मॅग्नेटची वीज तर क्षणाक्षणाला दिशा पालटणारी! शिक्षकांना हे वर्गात सहज दाखवता येईल. सायकलचा डायनामो घ्या. एक लाल आणि एक हिरवी एल. ई. डी. उलटसुलट तोंडाने समांतर जोडा आणि वाटेत हजार ओहमचा रोध घाला. खोलीत अंधार करून चाक फिरवा आणि दिव्यांची जोडी हवेत झपकन ओढा. लाल, हिरवा, लाल, हिरवा असे तुटक ठिपके मुलांना दिसतील. प्रत्यावर्ती प्रवाहावरचा एक तास वाचला म्हणून समजा.

म्हणून जुन्या स्कूटरला एल. ई. डी. लावायची, तर मॅग्नेटची वीज आधी रेक्टिफायरने एका दिशेची करावी लागते, कपॅसिटर घालून तिचे चढउतार सपाट करावे लागतात आणि दाब आवरावा लागतो. यातली मेख अशी, की पस्तीस वॅटच्या जागी सात-आठ वॅटचा दिवा आला, की वेटोळ्यावरचा भार उतरतो आणि आवर नसलेल्या गाडीत दाब भलताच चढतो. 'कमी वीज खाते' हा एल. ई. डी.चा गुणच इथे तिच्या मुळावर येतो! काही बल्बांत ही सोय आतच केलेली असते, काहींत नसते, घेताना 'ए. सी.वर चालतो का' एवढे तरी विचारावे. वळणाच्या दिव्यांचेही तसेच. जुना फ्लॅशर बल्बच्या भारावर चालतो. भार गेला की तो एकतर घाईघाईने उघडझाप करतो, नाहीतर गप्प बसतो. मागच्या लाल काचेआड पांढरी एल. ई. डी. लावू नये, लाल लावावी. पांढरीच्या उजेडात लाल अंश थोडा, त्यामुळे तांबडा रंग फिका पडतो.

ही झाली विजेची बाजू. माझ्या मते तीहून मोठी बाजू काचेची आहे, आणि तिच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. हेडलाइटमागची चकचकीत वाटी तारेच्या ठरावीक जागेसाठी घडवलेली असते. तार तिथे असली तरच डिपर खाली पडतो. एल. ई. डी.चे कण त्या जागेपासून जरा सरकलेले असले, की उजेड चहूकडे सांडतो. आपल्याला वाटते काय झकास पडला, पण समोरच्याचे डोळे दिपतात. ऊसतोडीच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवर ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात, वारीच्या दिवसांत पंढरपूरच्या वाटेवर पायी माणसे असतात. डोळे दिपलेल्या मनुष्याला पुढचे दोन-तीन क्षण कडेचा माणूस दिसत नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांत परस्पर बदल करण्यास मज्जाव करते. ते नुसते कागदी कलम नाही, बरं का.

१ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो; तो दिवसा दिसण्यासाठी नसून दिसावे म्हणून आहे. जुनी चेतक बनणे पुढे थांबले. २०२० साली त्याच नावाने विजेवरची स्कूटर बाजारात आली. तिला किक नाही, मॅग्नेट नाही आणि दिवा मुळातच एल. ई. डी.चा, त्याच्यासाठीच घडवलेल्या वाटीत.

तुमची स्कूटर मात्र जुनी असेल आणि दिवा बदललाच असेल, तर एक करा. संध्याकाळी दहा पावलांवर भिंतीसमोर गाडी उभी करा. एकट्याने बसून डिपर लावा आणि उजेडाची वरची कड कुठे येते तिथे खडूने रेघ ओढा. मग मागे घरातल्या कुणाला बसवा, किंवा नेहमीचा चादरींचा गठ्ठा ठेवा. मागचा स्प्रिंग दबतो, गाडीचे तोंड उचलते आणि उजेडाची कड रेघेच्या वर चढते. ती हेडलाइटच्या उंचीच्या खालीच राहील, असा दिवा मिस्त्रीकडून वाकवून घ्या. उजेडाला कडच दिसत नसेल, सगळी भिंतच पांढरी झाली असेल, तर तो बल्ब त्या वाटीचा नव्हे. काढून जुना लावा.