गडबच्या लॅपटॉपची वंशावळ

मुंबई-गोवा महामार्गाने वडखळचा नाका मागे टाकून नागोठण्याच्या दिशेने निघाले की डोलवीचा पोलाद कारखाना ओलांडल्यावर गडब लागते. पेण तालुक्यातले हे गाव. भातशेतीचे, खाडीच्या शेजारचे आणि आता कारखान्याच्या पाळ्यांवर चालणारे. अशा गावात संगणकाचे वेड लागलेला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा हमखास भेटतो, आणि त्याची मते ठाम असतात. विंडोज जड झाली आहे. अपडेट न विचारता येतात आणि नेमक्या कामाच्या वेळी येतात. लिनक्स टाकले तर जुना लॅपटॉपही पळतो. मोबाइल आपण विकत घेतो, पण तो वागतो मात्र कंपनीच्या मर्जीने. घरातली मोठी माणसे हे ऐकून घेतात आणि पोराला मोबाइलने बिघडवले असे म्हणतात. आपण जरा कालगणना उलटी फिरवून पाहिली तर दिसेल, की यातले एकही मत या पोराच्या पिढीचे नाही. यंत्रावर हुकूम कुणाचा चालावा, हा वाद त्याच्या आजोबांहूनही जुना आहे. त्याच्या वाट्याला तो वारशाने आला आहे, एवढेच.

या वंशावळीच्या मुळाशी जायचे तर 1804 सालच्या फ्रान्सपर्यंत जावे लागेल. जोसेफ मारी जॅकार्ड या विणकराने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या आधारे मागावरची नक्षी ठरवण्याची युक्ती पक्की केली, आणि हुकूम माणसाच्या हातातून निघून पुठ्ठ्यावर गेला. तेच भोकांचे पुठ्ठे पुढे हर्मन हॉलरिथने 1890 च्या अमेरिकी जनगणनेसाठी वापरले. पण तिथे फार न रेंगाळता आपण सरळ मुंबईत येऊ. 1950 च्या दशकाच्या मध्यावर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांच्या एका गटाने संगणक बांधायला घेतला. सुमारे 2,700 निर्वात नळ्या, 40 बिटांच्या 2,048 शब्दांची स्मृती असे हे यंत्र 1960 साली कामाला लागले आणि 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. आज गडबच्या पोराच्या खिशातल्या सर्वांत स्वस्त मोबाइलपुढेही टिफ्रॅकची स्मृती नगण्य वाटेल. मात्र लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. आज आपण ज्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो, ते प्रकरण त्या पिढीच्या यंत्रांत जवळपास नव्हतेच. आपला क्रम आला की यंत्र आपले. त्या वेळापुरता हुकूम फक्त आपला.

मालक एक आणि वापरणारे अनेक, ही अडचण मोठ्या यंत्रांबरोबर आली. 1956 साली जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या दोन कंपन्यांनी आयबीएम 704 साठी एक छोटी व्यवस्था लिहिली. एक काम संपले की पुढचे आपोआप सुरू व्हावे, महागडे यंत्र रिकामे राहू नये, एवढाच तिचा हेतू. या घराण्याचा मूळपुरुष म्हणायचा तो हाच. त्याचे नाव आज इतिहासाच्या अभ्यासकांखेरीज कुणाला आठवत नाही. 1961 मध्ये एमआयटीत फर्नांडो कोर्बाटो यांनी एकच यंत्र अनेकांना एकाच वेळी वाटून देण्याचा प्रयोग दाखवला. त्यातून पुढे ‘मल्टिक्स’ ही अवाढव्य योजना निघाली, आणि तिच्या भाराने थकून बेल लॅब्ज 1969 मध्ये तिच्यातून बाहेर पडली.

बेल लॅब्जमधल्या केन थॉम्पसनला तेव्हा एक खेळ खेळायचा होता. सूर्यमालेत यान उडवण्याचा तो खेळ त्यानेच लिहिला होता, पण मोठ्या यंत्रावर तो चालवायचा खर्च परवडेना. म्हणून त्याने कोपऱ्यात पडलेले पीडीपी-7 नावाचे जुनाट यंत्र हाताशी धरले. त्याच उन्हाळ्यात त्याची पत्नी तान्ह्या मुलाला आजी-आजोबांना भेटवायला काही आठवडे गावी गेली, आणि रिकाम्या घरातल्या त्या मोकळ्या वेळात युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा पाया घातला गेला. 1973 मध्ये डेनिस रिची यांच्या सी भाषेत ती पुन्हा लिहिली गेली. त्यामुळे ती एका यंत्राची बटीक राहिली नाही, एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येऊ लागली. गेम खेळण्यापायी पोरे वाया जातात असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर आठवावा.

याच सुमारास सिएटलमध्ये आपल्या गडबच्या पोराचे खरे समवयस्क अवतरतात. 1968 साली लेकसाइड शाळेतल्या मातांच्या मंडळाने जुन्या वस्तूंच्या विक्रीतून पैसे उभे करून शाळेला दूरच्या संगणकाशी जोडलेले टेलिटाइप घेऊन दिले. तेरा वर्षांचा बिल गेट्स आणि पंधरा वर्षांचा पॉल अ‍ॅलन त्यावर इतके बसले की शाळेचा ठरलेला वेळ झपाट्याने संपला. मग गावातल्या एका संगणक कंपनीने त्यांना फुकट वेळ देऊ केला, तोही त्यांनी यंत्रणेतले दोष शोधून द्यावेत या बोलीवर. पोरांनी दोष शोधले, मध्येच त्यांचा गैरफायदाही घेतला आणि काही काळ बंदीही ओढवून घेतली. याच गेट्सने 1976 च्या फेब्रुवारीत, विशीत असताना, संगणकाच्या छांदिष्टांना एक खुले पत्र लिहिले आणि आपला बेसिक हा प्रोग्राम न विकत घेता उतरवून घेणे म्हणजे चोरी आहे, असे बजावले. परक्याच्या यंत्रावरच्या फुकट वेळेत वाढलेल्या मुलाने हे लिहावे, यातला विरोधाभास मला गमतीचा वाटतो. पण एक जुनी वाट तिथे दुभंगली, हेही खरे. 1981 मध्ये आयबीएमला आपल्या वैयक्तिक संगणकासाठी ऑपरेटिंग सिस्टिम हवी होती. मायक्रोसॉफ्टने टिम पॅटरसनने लिहिलेली 86-डॉस ही सिस्टिम सिएटलच्याच एका कंपनीकडून विकत घेतली आणि आयबीएमला दिली, मात्र ती इतरांना विकण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. पुढच्या वीस वर्षांचे वैभव त्या एका कलमात होते. दुसऱ्या फाट्यावर रिचर्ड स्टॉलमन उभे होते. 27 सप्टेंबर 1983 रोजी त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला: कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी सिस्टिम. आणि 25 ऑगस्ट 1991 रोजी हेलसिंकीच्या एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने, आपण केवळ छंद म्हणून एक सिस्टिम करत आहोत, असे कळवले. त्याला पहिला संगणक आजोबांकडे मिळाला होता, वयाच्या अकराव्या वर्षी. 1992 मध्ये त्याने लिनक्स स्टॉलमन यांच्या परवान्याखाली आणली आणि दोन शाखांची सोयरीक झाली.

आपल्याकडे दरम्यान काय चालले होते? 1978 मध्ये आयबीएमने भारत सोडला. नोव्हेंबर 1984 च्या नव्या संगणक धोरणाने आयात सोपी केली, आणि बँकांच्या संगणकीकरणात युनिक्सवर चालणारी देशी बनावटीची यंत्रे शिरली. म्हणजे मुंबईतल्या बँकेचा कारकून विंडोज पाहण्याआधी युनिक्सच्या काळ्या पडद्यापुढे बसला असण्याचा संभव बराच आहे. पण त्या पडद्यावर मराठी नव्हती, आणि इथे आपल्या वंशावळीला दुसरे, अक्षरांचे घराणे येऊन मिळते. गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापले, जावजी दादाजींच्या निर्णयसागरने देवनागरी टाइपाला नेटके रूप दिले. काना, मात्रा, रफार आणि जोडाक्षरे यांनी खिळे जुळवणाऱ्यांचा जो घाम काढला, तोच दीडशे वर्षांनी अभियंत्यांचा काढला. 1980 च्या दशकात आयआयटी कानपूरला मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जिस्ट’ हे तंत्र घडवले. 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि ते तंत्र तिकडे आले. त्याचे कार्ड संगणकात बसवले की डॉसखालचे इंग्रजी प्रोग्राम देवनागरी दाखवू लागत. हिकमत अशी, की डॉसला याचा पत्ताही नसे. मधल्या मध्ये कार्ड अक्षरे बदलून पडद्यावर मांडत असे. ज्या सिस्टिमला आपली भाषा येत नाही, तिच्या नकळत तिच्याकडून मराठी लिहवून घेण्याचा हा खटाटोप मला या सगळ्या इतिहासात सर्वांत लोभस वाटतो.

त्यासोबत इन्स्क्रिप्ट हा कळफलक आला. डावीकडे स्वर आणि मात्रा, उजवीकडे व्यंजने. साऱ्या भारतीय लिप्यांना एकच मांडणी. इस्की ही संकेतप्रणाली 1991 मध्ये भारतीय मानक झाली, आणि तिच्या 1988 च्या आवृत्तीच्या आराखड्यावर युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या संकेतप्रणालीने 1991 मध्येच देवनागरीची जागा आखली. पण कागदावरचे मानक आणि बाजार यांच्यात दशकभराचे अंतर पडले. या काळात पुण्या-मुंबईच्या डीटीपीवाल्यांनी श्री-लिपी, आकृती यांसारख्या फॉन्टवर मराठी प्रकाशन व्यवसाय उभा केला, पण प्रत्येक फॉन्टचे संकेत निराळे. एकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की चिन्हांचा खच. ही कोंडी फुटायला विंडोज 2000 यावी लागली. तिच्यात युनिकोड देवनागरी आली आणि तिच्यासोबत आलेला मंगल हा फॉन्ट आयआयटी मुंबईत सुलेखन शिकवलेल्या र. कृ. जोशी यांनी घडवलेला होता. त्याच सुमारास जुहूच्या एनसीएसटी या संशोधन संस्थेत लिनक्सला मुळातूनच देवनागरी शिकवण्याचे ‘इंडिक्स’ नावाचे काम झाले, आणि पुण्यात रेड हॅटच्या आश्रयाने ‘लोहित’ हे मुक्त फॉन्ट फिरू लागले. तरी मराठीची एक कुरकुर उरलीच: ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळायला 2008 साल उजाडले.

गावात मात्र संगणक पोहोचला तो विंडोजच्या रूपाने. 2001 मध्ये एमकेसीएल स्थापन झाले, एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि सरकारी नोकरीसाठी तो लागू लागल्यावर तालुक्या-तालुक्यात केंद्रे निघाली. रायगडच्या एका पिढीने माउस पहिल्यांदा हातात धरला तो अशाच एखाद्या केंद्रात. संगणक म्हणजे विंडोज, हे समीकरण तिथे पक्के झाले. जोडून घेतलेल्या पीसीवर दुकानदारच विंडोज ‘टाकून’ देई. परवान्याचा प्रश्न विचारणे हे फाजील चौकसपणाचे लक्षण मानले जाई. पीसी अडकला की ‘फॉरमॅट मारणे’ हा एकच उपाय, आणि तो ज्याला येतो तो आळीतला मोठा माणूस. लिनक्सची उबुंटू ही आवृत्ती 2004 मध्ये निघाली, आणि 2011 पर्यंत तिच्या सीडी मागणाऱ्याच्या पत्त्यावर टपालाने फुकट येत. बहुतेकांनी ती सीडी उत्सुकतेने एकदा चालवली, इंटरनेट जोडले जाईना, गाणी वाजेनात, आणि ठेवून दिली. चुकीची म्हणून ती वाट मागे पडली असे नाही. हाताला धरून शिकवणारे कुणी नव्हते.

आणि मग मागच्या दाराने तीच लिनक्स घराघरात शिरली. अँड्रॉइडचा पहिला फोन 2008 मध्ये निघाला. त्याच्या गाभ्यात टोरवाल्ड्सचीच लिनक्स आहे. सप्टेंबर 2016 मध्ये जिओने डेटा स्वस्त केला आणि खाडीकाठच्या गावांतही मोबाइल हाच पहिला संगणक झाला. छांदिष्ट पोराची खंत मात्र इथेच सुरू होते. गाभा मुक्त, पण त्यावरचे कवच कंपनीचे. कोणते अ‍ॅप काढता येणार नाही, अपडेट किती वर्षे मिळणार, हे कंपनी ठरवते. टिफ्रॅकच्या काळात आपल्या क्रमापुरता तरी हुकूम आपला होता. इथे यंत्र चोवीस तास खिशात असून तो नाही. पोराची मते अतिरेकी असतात, आयफोन घेणाऱ्यांबद्दल तो जे बोलतो ते इथे छापण्याजोगे नाही, पण दुखणे त्याने अचूक ओळखले आहे असे माझे मत आहे.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. काही अटींवर वर्षभराची मुदत मिळते; पण विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि साधारण 2017 नंतरचा प्रोसेसर लागतो. पनवेलच्या किंवा पेणच्या दुकानातून घेतलेले जुने लॅपटॉप यात नापास होतात. यंत्र धडधाकट, पण सिस्टिमच्या लेखी बाद. तेव्हा पोरगा आठ जीबीचा पेनड्राइव्ह घेतो, लिनक्स मिंट उतरवतो आणि रात्रीतून ड्युअल बूट करतो. विंडोज पूर्ण पुसता येत नाही, कारण घरात कुणाचा तरी हिशेब टॅलीवर असतो आणि टॅली विंडोज सोडत नाही. सातबारा पाहायला मात्र ब्राउझर पुरतो, आणि तो दोन्हीकडे सारखाच चालतो. वायफाय लागत नाही म्हणून तो मोबाइल केबलने जोडून त्याचे नेट लॅपटॉपला देतो, ड्रायव्हर शोधतो, काळ्या पडद्यावर हुकूम टंकतो. थॉम्पसनच्या काळातले ‘एलएस’ आणि ‘सीपी’ हे शब्द त्याला पाठ आहेत, जरी थॉम्पसन कोण हे त्याने वाचलेले नसले तरी.

एवढे झाल्यावर तो आपले यश मित्रांना मोबाइलवर कळवतो, आगरी वळणाच्या मराठीत, रोमन अक्षरांत. मंगल, लोहित, इन्स्क्रिप्ट, युनिकोड सारे त्या मोबाइलमध्ये तयार असताना! भाषाप्रेमी मंडळी यावर चिडतात. मला तेवढी चीड येत नाही. कळफलक बदलायला त्याला दोन सेकंद लागतात आणि मित्र तेवढा वेळ थांबत नाही. आईला निरोप लिहायचा असला की तोच मुलगा माइकचे चिन्ह दाबून बोलतो, आणि ‘दऱ्या’मधला तो अवघड र यंत्र न चुकता उमटवते. बहुतेक वेळा.