तेवर : शेतांखालची राजधानी

जबलपुराहून भेडाघाटास जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून सुमारे बारा-तेरा किलोमीटरवर तेवर हे लहानसे खेडे लागते. भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहण्याच्या ओढीने आपल्यापैकी बहुतेकजण या गावावरून न थांबता पुढे जातात. परंतु नर्मदेच्या उत्तरेकडील हे खेडे म्हणजेच प्राचीन त्रिपुरी, चेदी देशाच्या कलचुरी राजांची राजधानी होय.

त्रिपुरीचा इतिहास कलचुरींच्याही पूर्वीचा आहे. ब्राह्मी लिपीत 'तिपुरी' असे नाव कोरलेली ख्रिस्तपूर्व काळातील नाणी उपलब्ध आहेत. सागर विद्यापीठाच्या वतीने १९५१-५२ मध्ये डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनांची नाणीही सापडली. गोदातीरीच्या प्रतिष्ठानाचा आणि नर्मदातीरीच्या या नगराचा संबंध इतका जुना आहे.

कलचुरींचे महाराष्ट्राशी नाते तर अधिकच निकटचे. या घराण्याची आद्य शाखा माहिष्मतीची. सहाव्या शतकात तिची सत्ता नाशिक-कोकणापर्यंत पोहोचली होती. इ. स. २४८-४९ च्या सुमारास सुरू झालेला, पुढे 'कलचुरी-चेदी' म्हणून ओळखला गेलेला संवत् प्रथम पश्चिम भारतात चालत होता. कलचुरींबरोबर तो त्रिपुरीस आला. येथील गांगेयदेवाने पाडलेली लक्ष्मीच्या छापाची सोन्याची नाणी उत्तरेतील अनेक राजांना अनुकरणीय वाटली. त्याचा पुत्र कर्ण (१०४१-१०७३) याने काशीपर्यंत आपला दरारा बसविला. ११५५ मध्ये राणी अल्हणादेवीने भेडाघाट येथे शिवमंदिर, मठ व व्याख्यानशाळा उभारल्याचे तिच्या शिलालेखावरून कळते. तो शिलालेख मात्र पुढे अमेरिकेस गेला.

आपणांस विशेष जिव्हाळ्याचा वाटावा असा एक पुरुष या दरबाराशी निगडित आहे. तो म्हणजे कविराज राजशेखर. त्याच्या 'विद्धशालभञ्जिका' या नाटिकेचा प्रयोग त्रिपुरीच्या युवराजदेवाच्या सभेत झाला. हा कवी यायावर कुळातला. आपला पणजोबा अकालजलद यास तो 'महाराष्ट्रचूडामणि' म्हणतो. पोटापाण्यासाठी वा विद्येसाठी महाराष्ट्राबाहेर पडलेला आणि नर्मदातीरी मान पावलेला मराठी मुलखातील माणूस हजार वर्षांपूर्वीही होता, हे ध्यानात घेतले म्हणजे आपले येथील वास्तव्य तितकेसे नवे वाटत नाही.

तेराव्या शतकाच्या आरंभी कलचुरींची सत्ता मावळली. पुढे गढ्याचे गोंड राजे आले. १७८१ मध्ये हा प्रदेश सागरच्या मराठ्यांकडे व १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि डिसेंबर १८१७ मध्ये जबलपूर इंग्रजांनी घेतले. त्रिपुरीचा खरा घात मात्र तलवारीने केला नाही. एकोणिसाव्या शतकात लोहमार्ग बांधणाऱ्या ठेकेदारांनी जवळच्या करणबेलच्या अवशेषांतील घडीव दगड गाडीगाडीने वाहून नेले. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपुरास जोडला गेला. ज्या आगगाडीने आपल्या वाडवडिलांस येथे आणले, तिच्या बांधकामात या राजधानीचे दगड गेले आहेत, हा विचार मनास चटका लावतो.

मार्च १९३९ मध्ये राष्ट्रसभेचे बावन्नावे अधिवेशन येथे भरले, तेव्हा त्रिपुरी हे नाव पुन्हा देशभर दुमदुमले. पट्टाभि सीतारामय्यांचा १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पराभव करून निवडून आलेले सुभाषचंद्र बोस तापाने फणफणलेले असतानाही आले. एप्रिल अखेरीस त्यांना अध्यक्षपद सोडावे लागले.

या विस्मृत राजवटीचा समग्र लेखसंग्रह १९५५ मध्ये सिद्ध केला तो महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी. ते मूळचे कोकणातले, आयुष्यभर नागपुरास राहिलेले. दीक्षितांनी ही भूमी खणली, मिराशींनी तिचे लेख वाचले. ज्या भूमीने आपणांस अन्न दिले, तिचा इतिहास जाणून घेणे हीही एक परतफेडच आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी मंडळाच्या मुलांची एक सहल भेडाघाटाआधी तेवरला थांबावी आणि शेताच्या बांधावरील एखादा कोरीव दगड त्यांनी हात लावून पाहावा, इतकीच इच्छा आहे. तो उचलून मात्र कोणी आणू नये. तेथून पुष्कळ दगड आधीच गेले आहेत.