वैनगंगेच्या तीरावरील अक्षरयात्रा

क्षेत्रयात्रेची प्रथा महाराष्ट्रात प्राचीन आहे. त्याच भावनेने चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशात ग्रंथांची आणि बोलीची यात्राही करता येते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तत्पूर्वी हा सारा मुलूख एकच होता आणि या यात्रेची वाट आजही अखंड आहे.

आरंभ भद्रावतीपासून करावा. जुन्या कागदांत हे गाव भांदक म्हणून येते. सातव्या शतकातील चिनी प्रवासी ह्युएनत्संग याने वर्णिलेली कोसल देशाची राजधानी हीच असावी, असा तर्क जनरल कनिंगहॅम यांनी मांडला. सर्व विद्वानांनी तो मानला नाही. तथापि विजासन टेकडीतील बौद्ध लेणी या गावाच्या प्राचीनतेची साक्ष देतात. जवळच वरोऱ्याचे आनंदवन आहे. तेथील कुष्ठमुक्तांच्या श्रमाचे सामर्थ्य बाबा आमटे यांच्या ‘ज्वाला आणि फुले’ या काव्यात उतरले आहे.

पुढे चिमूर. याच तालुक्यात गोंदोड्याच्या अरण्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी तप केले. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूरची जनता उठली, तिच्यामागे महाराजांच्या खंजिरीभजनांची प्रेरणा होती. त्याच महिन्यात चंद्रपूर येथे त्यांना अटक झाली. १९५५ साली त्यांची ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध झाली. तिच्या ४१ अध्यायांत गावालाच देव मानून त्याच्या सेवेचा मार्ग सांगितला आहे.

वैनगंगा ओलांडली की वडसा लागते. धानाची कापणी झाली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. शंकरपट, मंडई आणि रात्रभर चालणारे नाटक यांसाठी लेकी-जावई गावी येतात. दंडारीची कितीतरी गाणी मात्र कागदावर आलेली नाहीत. ती म्हाताऱ्या माणसांच्या मुखीच आहेत.

चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा हे या यात्रेचे हृदय होय. येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते व महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. १८७३ ते १८७५ च्या दौऱ्यांच्या अहवालात कनिंगहॅम यांनी या मंदिरसमूहाचे वर्णन केले. वीज पडून मोठ्या शिखराची हानी झाली होती आणि गोंड राजाने त्याची दुरुस्ती केली, ही हकीकत त्यांच्या लेखनामुळे टिकली. ज्या गवंड्यांनी ते काम केले, ज्या रयतेने दगड वाहिले, त्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

तेथून आलापल्लीच्या सागवनातून भामरागडकडे जाताना हेमलकसा येते. १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाची कथा डॉ. प्रकाश आमटे यांच्या ‘प्रकाशवाटा’ या पुस्तकात वाचावयास मिळते. माडिया बांधवांचा हा मुलूख पुस्तकातून महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. चंद्रपूरने १९७९ व २०१२ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचेही यजमानपद भूषविले.

या यात्रेतून जीर्णोद्धार करणाऱ्या प्रत्येक गावाने एक बोध घ्यावा. दगड दुरुस्त करता येतो, पण विसरलेली नावे व गाणी परत मिळत नाहीत. म्हणून मंदिराचे जुने स्वरूप, कारागिरांची व श्रमदान करणाऱ्यांची नावे, देणगीचा हिशोब आणि वडीलधाऱ्यांच्या मुखातील भजने ग्रामस्थांनी एका वहीत उतरवून ठेवावीत. पुढील पिढी पुन्हा कळस उभारील, तेव्हा तीच वही तिला वाट दाखवील.