बरणी आपली, बुरशी कुणाची?

लोणच्यावर बुरशी धरली की गिरगावातल्या स्वयंपाकघरात पहिला संशय कैरीवर जात नाही. बरणी कोरडी होती का, ओला चमचा कुणी घातला, याची चौकशी आधी होते. परग्रहावरच्या जीवांचा शोध शेवटी याच चौकशीशी येऊन थांबतो. सूक्ष्मजीव सापडणं त्यातल्या त्यात सोपं. तो आपल्याच हातून तिथे गेला नाही, हे सिद्ध करताना घाम फुटतो. कुलाब्याच्या टोकाला, नेव्हीनगरच्या पलीकडे समुद्राला चिकटून उभ्या असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, म्हणजे टीआयएफआरचा, या शोधाशी दोनदा संबंध आला. दोन्ही वेळा हत्यारं भलत्याच कामासाठी घडवलेली होती.

पेडर रोड ते कुलाबा

12 मार्च 1944 रोजी होमी भाभांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं आणि 1 जून 1945 रोजी बंगळूरला संस्थेचं काम सुरू झालं. त्याच वर्षाच्या अखेरीस ती मुंबईत आली, तीही पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ या बंगल्यात. भाभांचा जन्म याच घरातला. 1949 मध्ये बिऱ्हाड गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबमध्ये हललं. कुलाब्याच्या इमारतीची कोनशिला पंडित नेहरूंनी 1 जानेवारी 1954 रोजी बसवली आणि 15 जानेवारी 1962 रोजी उद्घाटनही त्यांनीच केलं. त्याच वर्षी भाभांनी ओबेद सिद्दिकी यांना बोलावून पदार्थविज्ञानाच्या या घरात रेणवीय जीवशास्त्राचा संसार मांडला.

भाभांचा स्वतःचा विषय विश्वकिरण. अवकाशातून येणारे हे कण वातावरणात शिरले की हवेच्या अणूंवर आपटून त्यांची मोडतोड होते. ते मूळ रूपात पाहायचे तर हवेच्या वर जायला हवं. म्हणून संस्था बलूनच्या मागे लागली. आधी रबरी बलूनचे झुबके सोडले, मग प्लॅस्टिकचे प्रचंड फुगे. 1969 पासून हैदराबादला त्यांचं कायमचं केंद्र झालं. चुंबकीय विषुववृत्त तिथून जवळ असल्यामुळे कमी ऊर्जेचे कण पृथ्वीचं चुंबकत्वच परस्पर अडवतं आणि उपकरणांपुढचा गोंगाट कमी होतो. शिवाय आजूबाजूला जमीनच जमीन. कुलाब्याहून सोडलेल्या बलूनची उपकरणं अरबी समुद्रात शोधावी लागली असती.

जगतापांची गोष्ट

1972 मध्ये जयंत नारळीकर केंब्रिजहून टीआयएफआरमध्ये आले. दोनच वर्षांनी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ यांची ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी फिरवून नारळीकरांनीच ती पाठवली होती. पुढे ‘प्रेषित’ कादंबरीत त्यांनी परग्रहवासीयांचा विषय हाताळला. ते मुंबईत असतानाच, 1976 मध्ये, अमेरिकेची दोन व्हायकिंग यानं मंगळावर उतरली. मंगळाच्या मातीत पृथ्वीचे जंतू मिसळू नयेत म्हणून ती निघण्यापूर्वी भट्टीत तापवून घेतली होती. तरीही मातीच्या एका चाचणीचा निकाल जिवंतपणासारखा दिसला आणि त्याचा अर्थ काय, हा वाद अजून मिटलेला नाही.

1989 मध्ये नारळीकर पुण्याला ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभारायला गेले, पण टीआयएफआरच्या बलूनशी त्यांचं नातं पुढे वेगळ्याच कारणाने जुळलं. जीवनाचं बीज अवकाशातून आलं असावं, असं त्यांचे गुरू फ्रेड हॉयल आणि हॉयल यांचे सहकारी चंद्रा विक्रमसिंघे मानत. नारळीकरांनी ठरवलं की वाद घालत बसण्यापेक्षा वर जाऊन हवा आणावी.

एक्केचाळीस किलोमीटरवरची हवा

21 जानेवारी 2001 रोजी हैदराबादहून पहिलं उड्डाण झालं. त्या नमुन्यांतले जीव पृथ्वीबाहेरचे आहेत, हा विक्रमसिंघे यांचा निष्कर्ष अनेकांना पटला नाही. 20 एप्रिल 2005 रोजी अधिक कडक बंदोबस्तात दुसरं उड्डाण झालं. बलून 2 कोटी 67 लाख घनफुटांचा. त्याखाली 459 किलोंचं ओझं आणि त्यात आतली हवा काढून निर्जंतुक केलेली स्टीलची 16 नळकांडी. ती 38 किलो द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेली होती. झडप उघडली की आत आलेली हवा गारठून भिंतीला चिकटते, आत पोकळी तशीच राहते आणि ती आणखी हवा ओढून घेते. 20 ते 41 किलोमीटरच्या पट्ट्यातले नमुने घेऊन नळकांडी पॅराशूटने खाली आली. यातल्या 35 किलोमीटरच्या आसपास हवेचा दाब मंगळाच्या जमिनीवर असतो तेवढाच असतो. मंगळावर न जाता मंगळासारख्या हवेत हात घालून यावा, तसा हा प्रकार.

तपासणी हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे झाली. जिवाणूंच्या 12 आणि बुरशीच्या 6 वसाहती वाढल्या. बहुतेक ओळखीच्या निघाल्या, पण जिवाणूंच्या तीन जाती विज्ञानाला नव्या होत्या. त्यांना हॉयल, इस्रो आणि आर्यभट यांच्यावरून नावं मिळाली. अतिनील किरण सोसण्याची त्यांची ताकद त्यांच्या जवळच्या नातलगांपेक्षा जास्त भरली. 2009 मध्ये हे जाहीर करताना शास्त्रज्ञांनी मर्यादाही सांगितली: हे जिवाणू त्या उंचीवरचेच आहेत असा विश्वास वाटतो, पण ते पृथ्वीबाहेरून आले हे यातून सिद्ध होत नाही. बरणी कोरडी होती, एवढं ते छातीठोकपणे म्हणाले. कैरी कुठल्या झाडाची, ते म्हणाले नाहीत.

कल्याण ते खोडद

दुसरं हत्यार कानाचं. गोविंद स्वरूप 1963 मध्ये संस्थेत आले आणि 1965 मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाहून आलेल्या सहा-सहा फुटी 32 तबकड्या कल्याणला मांडून सूर्याच्या रेडिओलहरी टिपल्या. तिथून 1970 मध्ये उटी आणि मग नारायणगावजवळचं खोडद. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत, दूरच्या दीर्घिका आणि स्पंदक ऐकण्यासाठी उभारलेल्या.

19 ऑक्टोबर 2016 रोजी त्या मंगळाकडे वळवल्या गेल्या. मंगळावर जीवनाच्या खुणा शोधण्यासाठी युरोप आणि रशियाने आखलेल्या ‘एक्सोमार्स’ मोहिमेचं ‘स्किआपारेल्ली’ हे यान उतरत होतं. त्याचा क्षीण संदेश पृथ्वीपर्यंत जवळजवळ दहा मिनिटांनी पोचत होता आणि खोडदला तो ऐकू येत होता. जमिनीला टेकण्याच्या थोडं आधी तो थांबला. आपण जमिनीवर पोचलोच, असा यानाच्या संगणकाचा गैरसमज झाला होता. पॅराशूट लवकर सुटलं, वेग रोखणारी इंजिनं जेमतेम तीन सेकंद चालली आणि यान सुमारे पावणेचार किलोमीटरवरून कोसळलं. त्याच्या जोडीचं यान मात्र आजही मंगळाभोवती फिरत मिथेन शोधतं. मिथेन सूक्ष्मजीवांपासूनही येऊ शकतो. त्याला तो अजून सापडलेला नाही.

20 मे 2025 रोजी नारळीकर गेले. दहा-बारा दिवसांनी संस्थेने ऐंशी वर्षं पूर्ण केली. तिच्या वाटचालीत परग्रहावरचा एकही जीव जमा नाही. पण बरणीची तीच चौकशी आता पृथ्वीबाहेरही चालते: 2021 मध्ये मंगळावर उतरलेली ‘पर्सिव्हिअरन्स’ बग्गी खडकांचे नमुने नळ्यांत बंद करते, तेव्हा काही नळ्यांत खडक भरतच नाही. पृथ्वीवरून आपल्यासोबत काय आलं, याची साक्ष द्यायला त्या ठेवलेल्या असतात. उद्या भरलेल्या नळीत काही वळवळलं, तर शास्त्रज्ञांना आधी ती रिकामी नळी उघडून पाहावी लागेल.