एका चाकूचे तीन कारागीर

रानात वापरायचा, हाताने घडवलेला चाकू म्हटला की एकटा कारागीर डोळ्यांपुढे येतो. पोलाद तापवण्यापासून मुठीवर शेवटचा हात फिरवण्यापर्यंत सगळं तोच करतो, अशी आपली समजूत. पण हे चित्र मुख्यतः विसाव्या शतकातल्या अमेरिकेचं आहे. त्याच अमेरिकेचा सर्वांत गाजलेला चाकू म्हणजे बोवी. 1827 साली मिसिसिपी नदीतल्या वाळूच्या बेटावर झालेल्या मारामारीने जिम बोवीच्या चाकूचा बोलबाला झाला, 1836 मध्ये तो अलामोच्या लढाईत पडला आणि तसल्या चाकूला मागणी वाढतच गेली. ती मोठ्या प्रमाणावर भागवली इंग्लंडमधल्या शेफील्डने, आणि तिथे एक चाकू किमान तिघांच्या हातून जात असे.

पहिला लोहार. तो पातं ठोकून काढी, लाल तापवून त्याला पाणी देई, मग पुन्हा मंद आचेवर धरून पोलादावर चढणारा पिवळसर, मग जांभळा रंग डोळ्याने जोखत ते नेमकं उतरवी. क्षणभर उशीर झाला की पातं मऊ. दुसरा घासणारा. फिरत्या दगडामागच्या लाकडी बैठकीवर घोड्यावर बसल्यासारखा बसून, पुढे वाकून तो पात्याला उतार देई. पुढे कुरुंदाची पूड लावलेल्या चामडी चाकावर त्याला झळाळी चढे. तिसरा मूठ बसवणारा, आणि त्याच्या हाती येणारं शिंग पुष्कळदा हिंदुस्थानातून गेलेलं, सांबराचं असे. यात सर्वांत महाग पडे ती घासणी. दगडाची धूळ छातीत बसे. डॉ. अर्नोल्ड नाइट यांनी 1830 मध्ये नोंदवलं, की कोरड्या दगडावर काटे घासणारे जेमतेम तिशीपर्यंत जगतात, तर ओल्या दगडावर सुऱ्या घासणारे चाळीस-पन्नासपर्यंत. चकचकीत पात्यावर नाव मात्र व्यापारी पेढीचं उमटे.

यावर कोणी म्हणेल, कामाची अशी वाटणी म्हणजे कारखानाच. त्याला हातकाम कसं म्हणायचं? कारखान्यात कौशल्य यंत्राकडे जातं. इथे ते माणसाकडेच होतं. दगड पाण्याच्या किंवा वाफेच्या जोरावर फिरे, पण कोन धरणारं मनगट माणसाचं. कित्येकजण तर स्वतंत्र होते, भाड्याची जागा आणि भाड्याचा दगड घेऊन काम करणारे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: एकट्याने केलेल्या कामाची जबाबदारी एकट्यावर असते, म्हणून ते सरस उतरतं. जबाबदारीचं म्हणणं मला मान्य आहे, एकटेपणाचं नाही. 1930च्या दशकाअखेरीस फ्लोरिडात बो रँडल चाकू करू लागले; पुढे बॉब लव्हलेस यांनी तयार पोलादी पट्टी घासून पातं काढण्याची रीत लोकप्रिय केली. ही रीत एका माणसाला झेपते, कारण पोलाद गिरणीतून सपाट होऊन येतं आणि घासपट्टा विजेच्या मोटारीवर फिरतो. लोहार गिरणीत गेला, दगड फिरवणारी ताकद तारेतून आली. लव्हलेस यांचं कसब त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण पात्यावर एकच नाव कोरण्याचा हक्क ज्या निकषावर त्यांना मिळाला, त्याच निकषावर तो शेफील्डच्या घासणाऱ्यालाही मिळायला हवा होता.