कातळातील कळ : कोकणातल्या उन्हाळ्यांचा इतिहास

१/ रत्नागिरीच्या दक्षिणेस, समुद्राजवळ पावस हे गाव आहे. 'पावस' हा पावसाचाच जुना शब्द. येथील विहिरींचे पाणी वैशाखातही गार लागते. त्याच जिल्ह्यात राजापूरजवळ उन्हाळे गावी मात्र जमिनीतून ऊन पाणी वाहते. पाऊस तोच, कातळही बहुतांशी त्याच कुळीचा. मग हा भेद कशामुळे?

२/ पहिला पुरावा गावांच्या नावांत आहे. राजापूरचे उन्हाळे, दापोली तालुक्यातील उन्हवरे. नावे ठेवणाऱ्यांनी जमिनीचा गुण आधीच टिपून ठेवला होता. संगमेश्वर तालुक्यात आरवली, तुरळ आणि राजवाडी येथेही असेच झरे आहेत. नकाशावर हे सारे बिंदू सह्याद्रीला समांतर अशा उत्तर-दक्षिण पट्ट्यात येतात. उत्तरेकडे हाच पट्टा वज्रेश्वरी-गणेशपुरीपर्यंत आणि त्याही पुढे जातो.

३/ कागदोपत्री नोंदी नंतर आल्या. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी-सावंतवाडी खंड १८८० मध्ये निघाला. टॉमस ओल्डहॅम यांनी जमवलेली भारतातील ऊन झऱ्यांची यादी त्यांच्या मृत्यूनंतर, १८८२ मध्ये, त्यांचे पुत्र रिचर्ड ओल्डहॅम यांनी प्रसिद्ध केली. याच रिचर्ड यांनी पुढे १९०६ मध्ये भूकंपलहरींच्या अभ्यासावरून पृथ्वीला गाभा असल्याचे दाखवले.

४/ ऊन पाणी म्हटले की ज्वालामुखी आठवतो. परंतु दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची ऊब केव्हाच निवाली. झऱ्यांना पुरते ती पृथ्वीची नेहमीची उष्णता. सर्वसाधारणपणे दर किलोमीटर खोलीला तापमान २५ ते ३० अंशांनी वाढते. उन्हवऱ्याचे पाणी सुमारे ७० अंशांचे आहे. म्हणजे पावसाचे पाणी निदान दीड-दोन किलोमीटर खाली जाऊन परत येत असले पाहिजे.

५/ येथेच खरी मेख आहे. दगड उष्णतेचा मंद वाहक. एक किलोमीटर जाडीच्या कातळातून उष्णता केवळ झिरपत वर यायची तर साधारण तीस हजार वर्षे लागतात. तेच अंतर पाण्याने सेकंदाला एक मिलिमीटर या गोगलगायीच्या गतीने कापले, तरी बारा दिवस पुरतात. खालची उष्णता हरवण्याआधीच पाणी ती वर आणून सोडते.

६/ म्हणून प्रश्न उष्णता आहे की नाही हा नसून वाट आहे की नाही हा आहे. पावसखालीही खोलवर कातळ तापलेलाच आहे; नाही ती पाण्याला खाली नेऊन पुन्हा वर आणणारी मोकळी भेग. भेगेचा नियमही कठोर आहे. पाण्याचा दाब तोच राहिला आणि फट निम्मी झाली, तर प्रवाह निम्मा होत नाही. तो एक-अष्टमांश उरतो. केसाएवढ्या फरकाने उष्णतेची वाट उघडते किंवा मिटते. कातळातील कळ ती हीच.

७/ ही कळ निसर्ग स्वतःही फिरवतो. पाण्यातील क्षार साचून भेगा बुजतात. भूकंपाने त्या उघडतात किंवा सरकतात. १९५९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील यलोस्टोनजवळ मोठा भूकंप झाला, तेव्हा तेथील अनेक ऊन झरे आणि उष्ण कारंजी यांचे वागणे एका रात्रीत बदलले.

८/ उन्हाळे गावात दुसरेही आश्चर्य आहे. टेकडीवरील चौदा कुंडांची राजापूरची गंगा मधूनच प्रकटते आणि पुन्हा लुप्त होते. परंपरेने हा काळ सुमारे तीन वर्षांचा सांगितला जातो. भूगर्भातील वक्रनलिका भरली की पाणी वाहते आणि रिती झाली की थांबते, अशी एक उपपत्ती मांडली जाते. खाली अर्जुना नदीच्या बाजूचा ऊन झरा मात्र गंगेची वाट पाहत नाही.

९/ आज प्रयोगशाळांत हेच तत्त्व सूक्ष्म आकारात वापरले जाते. दोन पृष्ठभागांमध्ये केसाहूनही अरुंद फट ठेवतात. फटीत हवा असली की उष्णता अडते, द्रवाचा थेंब सरकवला की वाट जोडली जाते; पाणी हवेच्या सुमारे वीसपट उष्णता वाहून नेते. थेंब मागे घेतला की कळ बंद. तापणाऱ्या चिपला हवी तेव्हा निववण्यासाठी ही खटपट आहे.

१०/ प्रयोगशाळेतील कळ बिघडली तर नवी बनवता येते. उन्हवऱ्याची किंवा तुरळची भेग दुसरी घडवता येणार नाही. जवळ खोल विंधनविहीर घेतली, तर भेगेतला दाब उतरू शकतो. झऱ्याच्या तोंडाशीच सिमेंट ओतले, तर वाट अडू शकते. वर कुंड कोरडे पडले तरी खालचा कातळ तितकाच तापलेला राहील, फक्त ती ऊब वर आणणारे पाणी नसेल. पुढच्या पिढ्यांना मग 'उन्हवरे' हे नाव उरेल, पण ते का पडले हे हात बुडवून पाहता येणार नाही.